तक्रार नाही

खिंडीतल्या झऱ्याच्या तोंडाला कुणीतरी फार वर्षांपूर्वी लोखंडी नळी ठोकून ठेवली होती. त्या ऑगस्टात नळीतून पडणारी धार करंगळीएवढी झाली आणि पाण्याला आलेल्या गाड्यांची रांग वळणाच्या पलीकडे गेली. व्हर्लीन स्टिडम आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती आणि बीन्सच्या शेंगा सुईदोऱ्यात ओवत होती. एरवी ती शेंगा बरण्यांत भरून उकळून ठेवायची. यंदा बरण्या उकळायला पाणी कुठलं? वाळवूनच ठेवायच्या, हिवाळ्यात त्या भिजवायलाही पाणी लागणार, पण ते तेव्हाचं तेव्हा बघू, असं म्हणून तिने तो विषय तिथेच सोडला होता.

आर्ली, तिचा नवरा, नळीपाशी वाकून कॅन भरत होता. लाकडाच्या गिरणीत कामाला असताना एक ओंडका खांद्यावर आला होता, तेव्हापासून त्याचा उजवा हात छातीच्या वर जात नसे. भरलेला कॅन तो आधी मांडीवर घ्यायचा, मग पोटाशी, आणि मग गुडघ्याने ढोसत गाडीत चढवायचा. तिथून उचलून टाकीत ओतणं व्हर्लीनचं काम. आपण दोघं मिळून एक धड माणूस आहोत, असं ती म्हणायची, आणि त्यावर आर्ली हसायचा. ह्या उन्हाळ्यात ते हसणं कमी झालं होतं.

"काय मुख्य फिर्यादी!" मागच्या गाडीतून ड्यूई गेहार्ट ओरडला. त्यांच्या खालचंच घर त्याचं. "खटला तुझ्या नावाचा, आणि पाण्याला रांगेत आमच्यासारखीच?"

"तू कशाला आलास रांगेत? तू तर विहिरीचंच ढोसतोस," व्हर्लीन म्हणाली.

"मी ढोसतो गं. पण कुत्रा पीत नाही ते. फार नखरे वाढलेत त्याचे."

"कुत्र्याला अक्कल आहे म्हण की."

रांगेतले चार लोक हसले. ड्यूईही हसला, आणि मग त्याने आर्लीला विचारलं, "कसं काय, आर्ली?"

"तक्रार नाही," आर्ली म्हणाला, कॅन मांडीवर घेता घेता.

केंटकीच्या त्या डोंगराळ भागात ह्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नव्हतं. पाय मोडलेला माणूस खाटेवरून हेच म्हणायचा, आणि बायकोला पुरून आलेलाही कबरस्तानाच्या फाटकात हेच म्हणायचा. तक्रार करणं म्हणजे लोकांसमोर हात पसरणं, अशी तिथल्या माणसांची समजूत. ती बरी की वाईट, ह्याचा कुणी कधी विचार केला नव्हता. विचार करायची पाळी ह्या खटल्याने आणली.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला कोळसा धुण्याचा कारखाना होता. धुण्याचं काळं पाणी ज्या तळ्यात साठवत, त्या तळ्याचा तळ चार वर्षांपूर्वी गळायला लागला आणि खालच्या विहिरी नासल्या. किटली आतून करडी व्हायची, अंघोळ केली की अंगाला तेलकट वास यायचा. आरोग्य खात्याचा माणूस दारोदार पत्रकं लावून गेला की हे पाणी पिऊ नका. व्हर्लीनने त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या नळाची चावी काढली आणि चमच्यांच्या खणात टाकली. गोठ्यातला हापसा तेवढा शेण धुवायला म्हणून ठेवला. तेव्हापासून पिण्याचा न् रांधण्याचा एकूण एक थेंब त्या दोघांनी खिंडीतून ओढला होता. ड्यूईसारखे काहीजण मात्र म्हणाले, आमचे बाप हेच पाणी प्यायले, आम्हाला काय होतंय. आणि पीत राहिले.

पुढे लेक्सिंग्टनहून वकील आले आणि म्हणाले, सगळ्या खोऱ्याने मिळून एकच खटला लावा. कुणाचं तरी एक नाव वर लागतं. कुणाचा मुलगा कारखान्यात, कुणाचा जावई. सगळे जमिनीकडे बघायला लागले. व्हर्लीन म्हणाली, "माझं घाला." तेव्हापासून कोर्टात त्या खटल्याचं नाव 'व्हर्लीन स्टिडम आणि इतर' असं होतं. मागणी एकच होती. शहराच्या पाण्याचा नळ खोऱ्यातल्या शेवटच्या घरापर्यंत यावा. शेवटचं घर तिचंच होतं.

आणि नळ ह्या हिवाळ्याच्या आत यायलाच हवा होता. गुरांचं तळं आटून त्याच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. आता गाईंनाही झऱ्याचंच पाणी ओढावं लागे. आर्लीचा खांदा आणखी एक हिवाळा काढणार नाही हे ती रोज त्याच्या बुटांच्या नाड्या सोडताना बघत होती. त्याच्या घोट्यांना सूज यायची आणि मोज्यांचे वळ रात्रभर जात नसत. "उन्हानं," आर्ली म्हणायचा. नळ आला नाही तर गाई विकायच्या, आणि गाई विकल्या की त्या डोंगरात राहायला काही कारण उरत नव्हतं.

लेक्सिंग्टनच्या त्या वकिलांपैकी पेल्हम आली ती दुपारी, घामाघूम होऊन. तिशीतली मुलगी, गाडी वर चढेना म्हणून ड्यूईच्या फाटकापासून चालत आलेली. व्हर्लीनने तिला ओसरीवर बसवलं आणि झऱ्याच्या पाण्याचा पेला दिला. पेल्हमने तो एका दमात संपवला आणि पुन्हा भरून घ्यायला लाजली. ह्या घरात पाणी कसं येतं हे तिला माहीत होतं.

"वॉशिंग्टनच्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा एक निकाल आलाय," ती म्हणाली.

"आपल्या खटल्याचा?"

"नाही. भलत्याच खटल्याचा. काही लोकांची नावं एका कंपनीने चुकीच्या यादीत घातली होती, त्याचा."

"त्याचा आमच्या विहिरीशी काय संबंध गं बाळा?"

"निकालाचा संबंध असतो, मिसेस स्टिडम. कोर्ट म्हणालं, गटाने खटला लावला तरी गटातल्या प्रत्येकाला खरोखरची इजा झालेली हवी. इजा होईल अशी भीती पुरत नाही. कंपनीचे वकील तो निकाल घेऊन आपल्या न्यायाधीशांकडे गेले."

आर्ली ओसरीच्या पायरीवर बसून फावड्याचा दांडा तासत होता. त्याचा चाकू थांबला.

"आणि?" व्हर्लीनने विचारलं.

पेल्हमने पेला दोन्ही हातांनी धरला. "ज्यांनी विहिरीचं पाणी पिणं चालू ठेवलं, त्यांच्या रक्तात त्या पाण्यातलं विष सापडलंय. ते खटल्यात राहिले. ज्यांनी बंद केलं, ते बाहेर."

"म्हणजे आम्ही."

"तुम्ही, फुगेटांची दोन घरं, आणि चर्चच्या मागचं एक. ती तिन्ही घरं नळाच्या वाटेवर आहेत. त्यांना जाता जाता जोड मिळेल. पण नळ ड्यूई गेहार्टांच्या फाटकाशी थांबेल."

व्हर्लीनला हसू आलं, आणि ते हसू तिला स्वतःलाच आवडलं नाही.

"म्हणजे प्यायला हवं होतं आम्ही."

"मी असं म्हणत नाहीये."

"तू नाही म्हणत, कोर्ट म्हणतंय. सरकारनं सांगितलं पिऊ नका, आम्ही नाही प्यायलो. आता कोर्ट म्हणतंय प्यायला नाहीत ना, मग चला, निघा. बरं, आणि हे चार वर्षं ओढलं ते? त्याच्या खांद्याकडे बघ. ही इजा नाही?"

"त्याला ते खबरदारी म्हणतात."

"खबरदारी!" व्हर्लीन म्हणाली. तिने तो शब्द असा उच्चारला की आर्लीने मान वर केली.

"आणखी एक आहे," पेल्हम खालच्या आवाजात म्हणाली. "त्यांनी मिस्टर स्टिडमांची जबानी वाचून दाखवली. वसंतात आपण तालुक्याच्या कचेरीत दिली होती ती. पहिला प्रश्न, आज कसे आहात? उत्तर, तक्रार नाही."

"अगं, तो नमस्कार होता!" आर्ली म्हणाला.

"मी तेच सांगितलं. पण पुढेही आहे. विहिरीचं पाणी प्यायलात का? एक थेंबही नाही. तब्येत? ठीक. मग तुमची काही तक्रार नाही तर? नाही. तीनदा आलंय ते, शपथेवर."

"नमस्कारच टिपून घेतला त्यांनी," आर्ली स्वतःशीच म्हणाला, आणि पुन्हा दांडा तासायला लागला. तासून झालेल्या जागीच तो पुन्हा पुन्हा चाकू फिरवत होता.

व्हर्लीनला ती खोली आठवली. कंपनीचा वकील पांढऱ्या केसांचा, फार गोड बोलणारा. आर्ली रविवारचा शर्ट घालून ताठ बसलेला, आणि 'एक थेंबही नाही' असं तो म्हणाला तेव्हा आपल्याला काय अभिमान वाटला होता! घरी येताना तिने त्याच्यासाठी वाटेत केक घेतला होता, सफरचंदाचा.

"वर अर्ज करता येत नाही का?" तिने विचारलं.

"येतो. खटला तुमच्या नावाचा आहे. तुम्ही हरकत घेतलीत तर न्यायाधीशांना ऐकावंच लागेल." पेल्हमने घाम पुसला. "पण तोवर बाकीच्यांचाही नळ अडकेल. वर्ष, दोन वर्षं. कंपनी आज नळ घालून द्यायला कबूल झालीये, उद्या होईलच असं नाही."

शनिवारी चर्चच्या तळघरात सगळं खोरं जमलं. बायकांनी बीन्सची आमटी आणि मक्याचा पाव आणला होता, पण कुणी फार खाल्लं नाही. पेल्हमने सगळ्यांना समजावून सांगितलं. तिचं बोलणं संपल्यावर कुणीही व्हर्लीनकडे बघितलं नाही, पण सगळ्यांचं लक्ष तिच्याचकडे होतं. ड्यूई टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड चाचपत होता. त्याच्या रक्तात काय काय निघालं होतं ते पेल्हमने नाव न घेता सांगितलं होतं, पण कुणाचं ते सगळ्यांना कळलं होतं. पुढच्या बाकावर ओमा फुगेट नातीचे केस विंचरत होती. त्या पोरीच्या मानेवर अंघोळीच्या पाण्याने उठलेलं पुरळ दोन वर्षं गेलं नव्हतं. ओमा एक शब्द बोलली नाही. ती नुसती विंचरत राहिली, आधीच सरळ झालेले केस.

बोलली असती तर बरं झालं असतं, व्हर्लीनला वाटलं. भांडता तरी आलं असतं.

"तुम्ही सगळे असे का बसलात, मयताला आल्यासारखे?" ती म्हणाली. "मी कुणाचा नळ अडवणार नाही."

"व्हर्लीन, तू नीट विचार—" ड्यूईने सुरुवात केली.

"तू गप रे. प्यायलास म्हणून शहाणा ठरलास, आता गप बस." कुणी हसलं नाही. व्हर्लीन पेल्हमकडे वळली. "कुठे सही करायची ते सांग. माझी काही तक्रार नाही."

तिने सही केली. आपण त्या नळावर पाणी सोडलं, हे तिला सही करून पेन परत देताना कळलं. बाहेर आर्ली गाडीपाशी उभा होता. तो आत आलाच नव्हता. तिला वाटलं, तो रागावलाय. पण रागावलेला आर्ली कसा दिसतो हे तिला माहीत होतं, आणि हा तसा दिसत नव्हता. हा कुणीतरी पकडलेल्या माणसासारखा दिसत होता. खटला आता दुसऱ्याच्या नावाने चालणार होता, 'ड्यूई गेहार्ट आणि इतर'.

कंपनीचं यंत्र खोऱ्याच्या तोंडाशी चर खणायला लागलं. दिवसभर त्याची घरघर वरपर्यंत ऐकू यायची. ह्या दोघांचं काम तेच होतं. पहाटे झरा, मग गाई, मग बटाटे काढणं, मग पुन्हा झरा. माती इतकी कडक झाली होती की कुदळ उडायची. व्हर्लीनच्या तळहातांना फोड आले, फुटले आणि पुन्हा आले. तिने आपल्या अंघोळीचं पाणी बंद केलं. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायची आणि ते पाणी बटाट्यांच्या वाफ्याला टाकायची.

एका दुपारी दोर हवा होता म्हणून ती गोठ्यात गेली. गोठा आर्लीचा. तिचं तिकडे काम नसे. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर तिला आधी काहीच दिसलं नाही. नुसता हापशाचा आवाज ऐकू आला. मग दिसलं. आर्ली पाठमोरा उभा होता. डाव्या हाताने त्याने हापसा मारला, पत्र्याचा पेला भरला, आणि उभ्याउभ्याच तोंडाला लावला. सवयीचा माणूस पितो तसा, न बघता. हापशाचा दांडा सगळा गंजलेला होता, पण जिथे हात धरतात तिथे तो लख्ख होता.

"आर्ली."

त्याने पेला खाली केला. पेल्यात अजून पाणी होतं. ते टाकावं की ठेवावं हे त्याला कळेना.

"चूळ भरत होतो," तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस. घशाखाली जाताना बघितलंय मी."

आर्ली उलट्या बादलीवर बसला.

"केव्हापासून?"

"टाकी कधी पुरायची नाही, व्हर्ली. पहिल्या हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरलं आणि आपण खाली जाऊ शकलो नाही, आठवतंय? तेव्हा म्हटलं, तुला स्वयंपाकाला उरू दे. माझं काय, एक पेला. मग त्याचंच झालं रोजचं."

"पहिल्या हिवाळ्यापासून?" तिचा आवाज चिरकला. "चार वर्षं मी तुझ्यासाठी पाणी ओढते, तुझ्या पेल्यात ओतून तुझ्यापुढे ठेवते, आणि तू इथे येऊन हे पितोस?"

"तू ठेवलेलंही प्यायचो गं."

"गप! गप बस!" तिने त्याच्या हातातला पेला हिसकावून भिंतीवर फेकला. एक गाय दचकून बाजूला झाली. "म्हणून तुझे पाय सुजतात. उन्हानं म्हणे! आणि तिथे, तालुक्याला, शपथ घालून विचारलं तुला. एक थेंबही नाही म्हणालास. का नाही सांगितलंस? तिथे का नाही सांगितलंस, आर्ली?"

आर्ली पेल्याकडे बघत होता. पेला चेपून गव्हाणीखाली पडला होता.

"तू शेजारी बसली होतीस," तो म्हणाला.

व्हर्लीनला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवावासाही वाटला. तिने दोन्ही केलं नाही. तिने दोर उचलला, बाहेर आली, आणि कशासाठी हवा होता ते विसरल्यामुळे अंगणात तशीच उभी राहिली.

तिने पेल्हमला फोन लावला. एका गाण्याची तीच ओळ वाजत राहिली, मग कुणीतरी थांबा म्हणालं, मग पुन्हा तीच ओळ. शेवटी पेल्हम फोनवर आली. व्हर्लीनने सगळं सांगितलं.

"जबानीत दुरुस्ती करायची मुदत केव्हाच संपली, मिसेस स्टिडम."

"मुदत कसली? खरं सांगायला मुदत असते?"

"असते."

"त्याचं रक्त तपासा. सुई टोचली की कळेल."

"तपासू. पण ते म्हणतील, निकाल लागल्यावर नळासाठी मुद्दाम प्यायलं. आधी शपथेवर सांगितलं प्यायलो नाही, आता म्हणतात प्यायलो. दोन्हीतलं एक तर खोटं आहेच ना?" पेल्हमचा आवाज थकला होता. "आणि समझोत्यावर न्यायाधीशांची सही झालीये. हरकत घेणार नाही असं तुम्हीच लिहून दिलंत. आता त्यांना एकट्याने नवा खटला लावावा लागेल. एका माणसाच्या खटल्याला कुणी मोठा वकील उभा राहत नाही. म्हणून तर गटाने लावतात."

"आणि गटातून तुम्हीच काढलंत."

"कोर्टाने."

"हो, कोर्टानं. तुम्ही कुणीच काही करत नाही गं, सगळं वरून होतं," व्हर्लीन म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ठेवल्यावर तिला वाईट वाटलं. ती पोरगी त्यातल्या त्यात बरी होती. पण बऱ्या माणसावर तरी किती दिवस चिडायचं नाही?

त्या दिवसापासून तिने नेम धरला. आर्लीने आधी प्यायचं, तिच्या डोळ्यांसमोर, मग गाईंनी, आणि शेवटी तिने. आर्ली निमूट प्यायचा. "औषध पाजल्यासारखं करतेस," तो एकदा म्हणाला. "पाजतेच आहे," ती म्हणाली. गोठ्यातल्या हापशाचा दांडा तिने पाना लावून काढला आणि चमच्यांच्या खणात मावेना म्हणून पलंगाखाली ठेवला. हे सगळं फार उशिरा चाललंय हे दोघांनाही कळत होतं.

यंत्र सप्टेंबरात ड्यूईच्या फाटकाशी पोचलं. तिथे निळी नळी जमिनीतून वर आली आणि तिच्या तोंडावर मीटरची पेटी बसली. त्या जागी रस्ता इतका अरुंद होता की यंत्राला वळायला जागा नव्हती. सपाट जागा एकच होती, स्टिडमांच्या दारापुढची. त्यामुळे पाणी जिथवर येणार नव्हतं तिथवर यंत्र मात्र आलं. आलं, वळलं, आणि वळताना त्याच्या पट्ट्यांनी बीन्सच्या वेलांच्या काठ्या आडव्या केल्या आणि फाटकाचा एक खांब मुळासकट काढला.

दोघं झऱ्यावर निघाली होती. गाडी चालू होती, मागे रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. मुकादम धावत आला. दुसऱ्या तालुक्यातला तरुण माणूस, उन्हाने लाल झालेला. त्याने डोक्यावरची पिवळी टोपी काढून हातात घेतली. मागून ड्यूई चालत येत होता. त्याच्या हातात बागेचा गुंडाळलेला पाइप होता.

"माझ्या नळाला जोडतो," ड्यूई धापा टाकत म्हणाला. "तुझ्या ओसरीपर्यंत पोचेल, व्हर्लीन. मी मोजलंय."

"तसं चालत नाही हो काका," मुकादम ओशाळून म्हणाला. "मीटरच्या पुढे दुसऱ्या घराला दिलं तर तुमचाच नळ बंद करतील. करारात आहे."

ड्यूई पाइप हातात धरून तसाच उभा राहिला.

मुकादमाने काखेतली फळी काढली. तिच्यावर कागद लावलेला होता. "हे फाटकाचं वाईट झालं बघा. आम्हाला प्रत्येक घरी विचारावं लागतं." तो आर्लीकडे वळला. "तक्रार काही?"

"तक्रार न—" आर्लीच्या तोंडून गेलं, आणि तिथेच अडकलं.

त्याने व्हर्लीनकडे बघितलं. ती गाडीच्या दाराला धरून उभी होती. ह्या वेळी ती शेजारी नव्हती, समोर होती.

"आहे," तो म्हणाला.

"बरोबर आहे. लिहितो. फाटकाचा खांब, एक—"

"फाटक राहू दे. लिही. माझ्या गोठ्यात हापसा आहे. त्याचं पाणी नासलंय हे मला माहीत होतं, तरी मी प्यायलो. पहिल्या हिवाळ्यात बर्फ धरलं होतं, तेव्हापासून. बायकोला सांगितलं नाही." आर्ली गाडीच्या मागच्या फळीवर बसला. डाव्या हाताने त्याने पँटचा पाय वर ओढला आणि सुजलेला घोटा मुकादमाला दाखवला. "हे बघ. बोट दाबलं की खड्डा राहतो. हेही लिही."

ड्यूईने पाइप खाली ठेवला.

मुकादमाने घोट्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "काका," तो अगदी हळू म्हणाला, "ह्यात रकाने तीनच आहेत. रस्ता, कुंपण आणि झाडं."

"मग झाडांत लिही."

"अहो पण—"

"मी आत्ता कुठे सुरुवात केलीये," आर्ली म्हणाला. "हा खांदा बघ. ते धुण्याचं तळं गळायला लागलं तेव्हा मी ओंडके उचलायचं सोडलं होतं आणि पाणी उचलायला लागलो. तेव्हा मार्च महिना होता..."

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, सावकाश, थोडा लाजलेला. पण तो थांबत नव्हता. मुकादमाने पेन उघडलं.

व्हर्लीनने हात आत घालून गाडीचं इंजिन बंद केलं. झऱ्यावरची रांग आता वळणाच्या पलीकडे गेली असेल. जाऊ दे, ती म्हणाली, आणि मुकादमासाठी ओसरीवरची खुर्ची आणायला गेली.